चोवीस लाखांचं काम आणि आठ वाजताची तालीम

सांगलीहून आलेल्या तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांना संदर्भ लागेल. वय ३३. पुण्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी, ढोबळ पगार १८ लाख, सेवा ४ वर्षं ५ महिने. आजवर घरून काम चालायचं, आता आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला या म्हणून फर्मान निघालंय. यजमान सहकारी बँकेत, हातात ५२,००० येतात. घरखर्च ४५,०००, गृहकर्जाचा हप्ता १८,०००, एसआयपी १५,०००. मुदत ठेवी ९ लाख. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचं तर दोन कामं समोर आहेत. एका अमेरिकन कंपनीचं महिना २,५०० डॉलरचं, पण त्यांच्या सकाळचे चार तास रोज हजर राहायची अट. दुसरं पुण्यातल्या छोट्या फर्मचं, आठवड्याला अडीच दिवस, महिना ६०,०००. आणि हे सगळं कशासाठी, तर हौशी नाटकासाठी. तालमी रात्री आठ ते अकरा.

यजमानांचा प्रश्न रास्त आहे: चोवीस लाख सोडून सात लाख कोण घेतं?

डॉलरचा भाव आज काहीही असो, हिशेबाला ८० रुपयेच धरा. तरी वर्षाचे २४ लाख होतात. कलम ४४एडीए म्हणून सगळे जिला ओळखतात, त्या अंदाजित उत्पन्नाच्या सोयीत निम्मी जमा खर्च धरली जाते. करपात्र उरतात १२ लाख, आणि नव्या करप्रणालीत तिथपर्यंत कर शून्य. आज पगारावर तुमचा दीड लाखाच्या आसपास कर जातोय. जमा २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागेल, पण परदेशी कामावर एलयूटी नावाचं हमीपत्र भरून दिलं की कर आकारावा लागत नाही. कागदावर हे काम उजवं आहे, यात वादच नाही.

आता घड्याळ बघा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. त्यांचे चार तास म्हणजे तुमचे साडेसात ते साडेअकरा. उन्हाळ्यात तासभर अलीकडे. म्हणजे ज्या तीन तासांसाठी नोकरी सोडताय, नेमके तेच तुम्ही २,५०० डॉलरना विकताय. हिंजवडीची नोकरी निदान संध्याकाळनंतर मोकळं सोडते, दमलेलं का होईना. परदेशी काम हवंच असेल तर पूर्वेकडे बघा. सिंगापूरचे नऊ ते पाच म्हणजे आपले सकाळचे साडेसहा ते दुपारचे अडीच. दर अमेरिकेइतका मिळेलच असं नाही, पण संध्याकाळ तुमचीच राहते.

मग पुण्याच्या साठ हजारांत भागेल का? खर्च, हप्ता आणि एसआयपी मिळून ७८,०००. यजमानांचे ५२,००० वजा जाता तूट २६,०००. त्यात तुमचा स्वतःचा आरोग्य विमा, बंद होणाऱ्या पीएफच्या जागी काहीतरी, दर चार वर्षांनी लॅपटॉप, असं सगळं धरून मी ४५,००० म्हणतो. वर्षाला ५.४० लाख. पुण्याची फर्म बिलातून टीडीएस कापेल, १० टक्के धरून चला, म्हणजे हातात ५४,०००. समजा वर्षातले दोन महिने कामच आलं नाही. दहा महिन्यांचे ५.४० लाख होतात. बरोब्बर. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत येईल तो वेगळा, कारण या जमेवर तुम्हाला कर लागतच नाही. तेव्हा यजमानांना सांगा, सात लाखांत घर चालतं. चोवीस लाख लागतील ते गृहकर्ज लवकर फेडायचं असेल तर, आणि ती घाई मला दिसत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. नाटकवाल्या आहात म्हणून सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तुमच्या गावात पहिला खेळ केला तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि तो आधार सुटला. मंडळींना गावोगाव फिरून तिकिटावर खेळ करावे लागले. एकच गिऱ्हाईक असलेल्या फ्रीलान्सरची गत तीच. पहिल्या वर्षात, महिन्याला चार-पाच दिवसांचं का होईना, दुसरं काम हवंच. अडीच दिवसांच्या आठवड्यात त्याला जागा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, फुकट होते, ती पहिल्याच महिन्यात करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ४५ दिवसांत चुकतं न करणाऱ्याला व्याज द्यावं लागतं, शिवाय पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्याला करपात्र उत्पन्नातून वजाही मिळत नाही. छोट्या फर्मच्या हिशेबनीसाला हे पक्कं माहीत असतं.

राजीनामा मात्र आज नको. ग्रॅच्युइटीला लागणाऱ्या पाच वर्षांना सात महिने कमी आहेत. तुमचा मूळ पगार ६०,०००. त्याचे १५ भागिले २६, गुणिले पाच, म्हणजे निदान १.७३ लाखांची ग्रॅच्युइटी. सात महिने हिंजवडीच्या खेपा आणि पीजीचं भाडं सोसावं लागेल, तरी मी थांबेन. पुण्याच्या फर्मला घाई नाही असं तुम्हीच लिहिलंय. नोटीस दोन महिन्यांची आहे, तेव्हा पत्र पाचव्या महिन्याच्या शेवटी, आणि शेवटचा दिवस पाच वर्षं उलटल्यावरचा, हे एचआरकडून लेखी घ्या. तोवर फर्मचं काम गुपचूप सुरू करू नका. नियुक्तीपत्रात मनाई आहे, आणि टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो.

या सात महिन्यांत एक काम आधी उरका: आरोग्य विमा. तुम्हाला थायरॉइड आहे. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, ती पगार चालू असतानाच सुरू झालेली बरी. अर्जात थायरॉइड लपवू नका. वैयक्तिक पॉलिसीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढा हप्ताही हलका झालाय.

ठेवींतले ५ लाख बाजूला काढा, सहा महिन्यांचा खर्च म्हणून. त्यातून ना कर्ज फेडायचं ना नाटकाचा सेट उभा करायचा. पीएफ काढू नका. घर गावभागात आहे म्हणता, तर २०१९ आणि २०२१ तुम्ही पाहिलंय. कृष्णेचं पाणी चढलं की वीज आधी जाते. मिरजेला माहेर आहे, तिथे बसून काम करता येईल एवढी सोय पावसाळ्यापूर्वी करून ठेवा, आणि घरातल्या सामानासह पुराचा विमा घ्या.

अमेरिकन कंपनीला सरळ नकार कळवू नका. आठवड्याला बारा तास, हजेरीची अट नाही, बैठक एकच आणि तीही आपल्या संध्याकाळी साडेसहाला, महिना नऊशे डॉलर, असं लिहून पाठवा. हिवाळ्यात तेव्हा त्यांचे सकाळचे आठच वाजलेले असतात, त्यामुळे कुरकुर होईल. कबूल झाले तर तुमचं दुसरं गिऱ्हाईक सापडलं.