आईच्या जातीवर राखीव जागा लढवता येते का?

तुमचा प्रश्न असा: आई मातंग, वडील मराठा, तुम्ही पुण्यात दहा वर्षं चळवळीत, आणि आता महापालिकेची अनुसूचित जातीसाठीची राखीव जागा लढवायची आहे.

येते, पण चळवळीच्या जोरावर नाही. मोर्चातले फोटो, संघटनेचं पत्र यांना जातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढे काडीची किंमत नाही. रमेशभाई नायका खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आंतरजातीय लग्नातलं मूल बापाच्या जातीचं हे गृहीतक आहे, आणि ते खोडता येतं. खोडायचं मात्र तुम्ही. आईने आईच्या समाजात वाढवलं, त्या समाजाने आपलं मानलं, त्या जातीच्या वाट्याची अवहेलना सोसली, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. आजोळचं रेशनकार्ड, वस्तीतल्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, शेजाऱ्यांची शपथपत्रं जमवा. मामाचं वैधता प्रमाणपत्र (दाखला खरा असल्याचा समितीचा निर्वाळा) असेल तर जोडाच, पण त्याने आईची जात सिद्ध होते, तुमचं वाढणं नव्हे. बहुतेक जण इथेच गाफील राहतात.

दुसरी अडचण खास चळवळीतल्या घरांची. आईबापांनी तत्त्व म्हणून शाळेत जातीचा रकाना कोरा ठेवलेला असतो, किंवा वडिलांच्या आडनावावरून गुरुजींनी ‘हिंदू मराठा’ लिहून टाकलेलं असतं. ती नोंद कुणाच्या ओळखीने ‘दुरुस्त’ करून घेऊ नका. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडतं. शाई वेगळी, अक्षर वेगळं दिसलं की खरी केसही संशयात जाते. नोंद आहे तशी दाखवा आणि ती तशी का झाली, हे शपथपत्रात लिहा.

(ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने याच शहरात आपला मुलगा म्हणून वाढवलं. त्यांना दाखला लागला नाही, समितीला लागतो.)

दाखला पुण्यातूनच मिळेल असंही धरू नका. १० ऑगस्ट १९५० ला, म्हणजे अनुसूचित जातींची यादी निघाली त्या दिवशी, आईचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयाकडे अर्ज जातो. ते गाव कर्नाटकात असेल, तर महाराष्ट्रातल्या आरक्षणाचा रस्ता जवळपास बंद. खुल्या जागेवर उभं राहायला यातलं काहीच लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

आचारसंहिता लागल्यावर धावपळ करून हे काम होत नाही. आधी मामाकडून आजोबांचा शाळेचा किंवा गाव नमुना १४ मधला जन्म-मृत्यूचा उतारा मिळवा. तो हाती आला की वंशावळीच्या शपथपत्राला लागा.