वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याची ट्रायथलॉन

प्रश्न : ३.८ किमी पोहणे आणि १८० किमी सायकल नीट पार पडली. धावायला लागल्यावर बाराव्या किलोमीटरला पोट गच्च झाले, जेल (पाकिटातला साखरेचा दाट पाक) तोंडाजवळही नेववेना. पुढचे सगळे चालत. धावण्याचा सराव वाढवू का?

धावण्याचा सराव आहे तेवढा राहू द्या. बिघाड बहुधा सायकलच्या पहिल्या दोन-तीन तासांतला आहे. जोर जास्त लावला की रक्त पायांकडे वळते, उन्हात कातडीकडेही, आणि पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो. वर तासातासाला साखर पडतच असते. ती साचते, आतड्यात पाणी ओढून घेते, आणि त्याचा हिशेब धावताना द्यावा लागतो.

दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे जोर. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारे यंत्र) असेल तर एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराच्या, ६५ ते ७५ टक्क्यांत राहा, नवख्याने खालच्या टोकाला. चढावर मागचे लोक पुढे जातील, जाऊ द्या. दुसरी म्हणजे साखरेची बेरीज. नुसते ग्लुकोज ताशी साधारण ६० ग्रॅमपर्यंतच शोषले जाते. फ्रुक्टोज आतड्यात वेगळ्या वाटेने जाते, म्हणून दोन्हींचे मिश्रण (२:१ च्या आसपास) घेतले तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येते. पण लोक जेल मोजतात आणि बाटली विसरतात. ताशी २५ ग्रॅमची तीन जेल आणि ४० ग्रॅम साखरेची एक बाटली म्हणजे ११५ ग्रॅम झाले! जेलवर साधे पाणीच प्या, गोड पेय नको.

९० ग्रॅम सरावाशिवाय पचत नाही. लांब सायकलिंगच्या दिवशी ५०-६० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर एक-दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. शर्यतीत पोट अडलेच तर १०-१५ मिनिटे वेग उतरवा, साखर बंद, पाण्याचे फक्त घोट. ढेकर आली, पोट हलके वाटले की पुन्हा थोडे थोडे सुरू करा. अडलेल्या पोटावर आणखी एक जेल ढकलणे हा सर्वात वाईट उपाय.

प्रश्न : मिठाच्या गोळ्या तासाला किती घ्याव्यात?

आधी घाम मोजा. शर्यतीसारख्या उन्हात, शर्यतीच्या जोराने एक तास सराव करा; आधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन घ्या. घटलेले किलो अधिक प्यायलेले लिटर म्हणजे तासाचा घाम (मध्ये लघवी केली नसेल तर). त्याहून जास्त कधीच पिऊ नका. घामातले मीठ माणसागणिक फार बदलते, म्हणून गोळ्यांचा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला उतरते ते मुख्यतः अति पाणी प्यायल्याने, आणि तसे झाले तर गोळ्या वाचवत नाहीत. बोटे सुजली, घड्याळाचा पट्टा रुतू लागला, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे झाले, तर पिणे थांबवा आणि वैद्यकीय तंबू गाठा.

प्रश्न : ट्यूबलेस टायर आहेत, रिम ६० मिमी. पंक्चरसाठी सोबत काय ठेवू?

प्लग (भोक बुजवायची चिकट पट्टी), एक ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडची (सीओटू) १६ ग्रॅमची दोन काडतुसे आणि त्यांतला गॅस व्हॉल्व्हमध्ये सोडणारे डोके. ट्यूबचा व्हॉल्व्ह ८० मिमीचा घ्या. आखूड व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येतच नाही, आणि हे नेमके रस्त्यावर कळते. ट्यूब घालण्याआधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो. त्याचे नट घरी पकडीने आवळलेले असेल तर बोटांनी सुटणार नाही, म्हणून ते हातानेच घट्ट करा.

छोट्या भोकाला आधी प्लग. टायर चिरलाच असेल तर ट्यूब. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काच किंवा तार काढा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होईल. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा तोंडाने भरा, म्हणजे ती टायरच्या कडेखाली चिमटत नाही. काडतूस गारठते, कव्हर नसेल तर बोटांना चिकटते. एक काडतूस घरी सरावात खर्च करा. डोके अर्धवट बसवून अख्खा गॅस हवेत सोडणारे दर शर्यतीत दिसतात. सीओटू रबरातून लवकर झिरपतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी साधी हवा भरा.

आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये (कपडे बदलण्याच्या जागी) उन्हात उभी राहणार असेल तर हवा थोडी कमी करून ठेवा. पहाटे पंपाने भरा.

प्रश्न : मर्यादा अशी : पोहणे २ तास २० मिनिटे, सायकल संपेपर्यंत १० तास ३० मिनिटे, एकूण १७ तास. पोहायला मला २ तास लागतात. सायकलचा वेग किती हवा?

कपडे बदलायला १२ मिनिटे धरली तर सायकलला ८ तास १८ मिनिटे उरतात, म्हणजे ताशी २१.७ किमी. यात थांबणे आले. शौचालय, एखादे पंक्चर यांची २० मिनिटे वजा केली की चालता वेग २२.६ हवा. पण मर्यादेच्या अगदी टोकावर सायकल संपवून भागत नाही : १० तास ३० मिनिटांना उतरलात आणि बदलायला १० मिनिटे गेली, तर मॅरेथॉनला दर किलोमीटर ९ मिनिटेच मिळतात. थांबे धरून सायकल ताशी २४ ने गेली तर १० मिनिटे ८ सेकंद. तो वेग म्हणजे भरभर चालणे, जे दहा तासांनंतर जमत नाही. म्हणून पहिल्या किलोमीटरपासूनच ४ मिनिटे धावा, १ मिनिट चाला.

प्रश्न : हवाईतल्या कोनाच्या जागतिक स्पर्धेत मागच्या डिस्क चाकावर (आऱ्यांऐवजी भरीव तबकडी असलेल्या) बंदी का आली?

आडव्या वाऱ्यामुळे. सायकल मार्गावरच्या हावी गावाच्या चढाकडे लाव्हाच्या उघड्या पट्ट्यात झोत अचानक येतो, आणि भरीव चाक त्याला शिडासारखे धरते. सुकाणू मात्र पुढच्या चाकावर असते, म्हणून तिथे उथळ रिम घ्या, ४०-५० मिमी पुरे. झोत जाणवला की हात एरोबारवरून (पुढे झुकून कोपरे टेकायच्या दांड्यांवरून) काढून बाहेरच्या हँडलवर आणा, पण पकड सैल ठेवा. तिथले पाणी उबदार असल्याने वेटसूटही (अंग तरंगते ठेवणारा रबरी सूट) वापरता येत नाही. सूटमध्येच पोहण्याची सवय असेल तर पाय खाली जातात, वेळ वाढतो. तेवढी मिनिटे हिशेबात धरा.