वाहनांची ‘गजबज’ की ‘गोंगाट’?

प्रश्न असा आहे : सोसायटीतर्फे पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात ‘आमच्या इमारतीसमोर रात्री वाहनांची फार गजबज असते’ असं वाक्य आहे. ‘गजबज’ बरोबर की ‘गोंगाट’? ‘कोलाहल’ चालेल का?

‘गजबज’ नको. ती जागेची असते. गोंगाट कुणीतरी करत असतं. आपण ‘गजबजलेला चौक’ म्हणतो, ‘गोंगाटलेला चौक’ नाही. उलट मुलांना ‘गोंगाट करू नका’ असं दटावतो, ‘गजबज करू नका’ असं नाही. शिवाय गजबजीत कानाइतकाच डोळ्यांचाही वाटा असतो : माणसं, हातगाड्या, दिवे. दादरचा फुलबाजार पहाटे गजबजतो, आणि हे सांगताना आवाजात कौतुकच असतं. तक्रारीच्या अर्जात हा शब्द आला की तक्रारीची धारच जाते.

‘गोंगाट’ चालेल. मुळात तो माणसांच्या सरमिसळ आवाजांना जास्त शोभतो, पण ‘वाहनांचा गोंगाट’ आता रुळला आहे आणि त्यात चूक काही नाही. ‘कलकलाट’ला पुष्कळ बारीक, उंच आवाज लागतात : सुटलेली शाळा, तिन्हीसांजेला झाडावर उतरलेल्या साळुंक्या. ‘गलका’ अचानक उठतो, गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला की उठतो तसा. ‘कोलाहल’ अर्जाला जड होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. एकच आवाज किती वेळा झाला आणि त्याने जागा किती व्यापली, हे मराठी शब्दाच्या शेपटावरून सांगते. दाराची कडी ‘खटकन’ लागते : एकदा, आणि संपलं. कुणी ‘खटखट’ करतं : पुन्हा पुन्हा, पण मोजता येईल असं. जड ट्रक गेला की खिडकीची सैल तावदानं ‘खडखड’ वाजतात. असे ट्रक रात्रभर जात राहिले की ‘खडखडाट’ होतो. आता मोजणी संपली, आवाजाने घर भरलं. हा ‘-आट’ भरून राहिल्याचा आहे, निंदेचा नव्हे. म्हणून पाखरांचा किलबिलाट गोड वाटतो, आणि आवाज सोडून दिव्यांचा झगमगाटही होतो. रिकामेपणसुद्धा असंच भरून राहतं : खिशात खडखडाट, घरात ठणठणाट, रस्त्यावर शुकशुकाट. (वाचनालयात माणसं मुकाट बसली असतील तर तिथे ‘शुकशुकाट’ नाही, ‘शांतता’ आहे. शुकशुकाटाला माणसांचा अभाव लागतो.)

याच धातूंना ‘-ईत’ लावून पाहा. खणखणीत नाणं, ठणठणीत तब्येत, दणदणीत विजय : सगळी स्तुतीच! म्हणून ‘डीजेचा दणदणीत आवाज’ असं अर्जात लिहू नये, ‘दणदणाट’ लिहावं. याउलट वैतागाचे आपले शब्द बघा : कटकट, किरकिर, कुरकुर, भुणभुण, पिरपिर. एकही मोठ्या आवाजाचा नाही. सगळे बारीक, चिवट, न थांबणारे. ‘खटकणं’ हे क्रियापदही एका छोट्या ‘खट’वरूनच आलेलं. शहरात राहणाऱ्या कुणालाही हे पटेल : वाहत्या रस्त्याची घरघर कान विसरतो, पण गळक्या नळाची टपटप झोपू देत नाही. सलग आवाजाची सवय होते; तुटक आवाजाची होत नाही, कारण दोन थेंबांमध्ये कान पुढच्या थेंबाची वाट बघत राहतो.

आता अर्जाकडे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्र म्हणजे १० ते ६. रात्री निवासी भागात हॉर्न वाजवायलाही मनाई आहे, अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. या नियमांपुढे ‘फार’, ‘असह्य’, ‘प्रचंड’ हे शब्द दुबळे पडतात. कोण, कशाने, केव्हा, किती वेळ, एवढं लिहावं. गोंगाटाला कर्ता असतो म्हटलं ना, मग कर्त्यालाच वाक्यात आणावं :

‘रोज रात्री ११ ते १ या वेळेत इमारतीच्या फाटकासमोर थांबलेले रिक्षा व टेम्पोचालक सतत हॉर्न वाजवतात.’

इथे गजबज, गोंगाट, कोलाहल यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. बोलताना आपण ‘हॉर्न मारतात’ म्हणतो आणि ते अस्सल मराठीच आहे. अर्जात मात्र ‘वाजवतात’ ठेवा.