परग्रहवासी खाली उतरला की कोण?

प्रश्न आला आहे : 'स्पेस इन्व्हेडर्स' या जुन्या व्हिडिओ गेमवर लिहिताना त्यातल्या शत्रूंना 'परग्रहवासी आक्रमक' म्हटलं तर चालेल का?

'आक्रमक' मला खटकतो. फलंदाज आक्रमक असतो, मोर्चेकरी आक्रमक होतात. नुसतं 'आक्रमक आले' वाचलं की आक्रमक कोण, म्हणून नजर पुढचा शब्द शोधते. 'आक्रमणकर्ते' बिनचूक आहे, पण इतिहासाच्या पेपरातला वाटतो.

खरी गंमत 'वासी'त आहे. वासी म्हणजे राहणारा. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस कोल्हापूरवासी नसतो, पण कोल्हापूरकर असतोच, आणि तांबडा-पांढऱ्याचा विषय निघाला की तो ते सिद्धही करतो. मग स्वतःचा ग्रह सोडून आपल्या डोक्यावर आलेला परग्रहवासी कसा? न्यायानं 'परग्रहकर' हवा! शिवाय कैलासवासी, वैकुंठवासी, परलोकवासी या शेजाऱ्यांमुळे शब्दाला शोकसभेची छटा येते ती वेगळीच.

तरी तो रुळलाय, राहू द्या. पुतण्या मोबाइलवर खेळताना "काका, एलियन आल्यात, थांब की जरा!" म्हणतो, तेही झकास मराठी आहे. शब्द बाहेरचा, क्रियापद अस्सल कोल्हापुरी.

पण त्या हल्ल्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : परचक्र. यातलं 'चक्र' म्हणजे चाक नव्हे, सैन्य. पन्हाळ्याशी नातं असलेले मराठेशाहीतले मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात, दुर्गांच्या प्रकरणात तो भेटतो : किल्ले नसलेला मोकळा मुलूख परचक्र येताच उद्ध्वस्त होतो. आता गेम बघा. 1978 साली जपानच्या तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो केला. ऑक्टोपस, माकूळ, खेकडे यांच्यासारखे दिसणारे 55 शत्रू पाच रांगांत खाली सरकतात, आणि आपल्याकडे आडोशाला असतात फक्त चार बुरूज, तेही गोळ्यांनी झिजणारे. बरं, आतून आपणच गोळी झाडली तरी आपलाच बुरूज ढासळतो. अमात्यांनी किल्लेदाराला फैलावर घेतलं असतं.

म्हणून माझी शिफारस : लेखात शत्रूंना 'एलियन' म्हणा, हल्ल्याला 'परचक्र'. पुतण्याला हे सांगून पाहिलं. मान वर न करता म्हणाला, "परचक्र कितव्या लेव्हलला येतंय?"