वाचक विचारतात : घटनेत 'बँक' शब्दच नसेल तर?

प्रश्न : सर, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेच्या घटनेत 'बँक' हा शब्दच नाही तरी तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1819 मध्ये बँक वैध ठरवली, आणि आपल्याकडे घटनेत बँकिंग लिहिलेलं असूनही 1970 ला सरकार केस हरलं. हे उलटं कसं? मॅककुलॉकची केस दोनदा वाचली, डोक्यात शिरतच नाहीये.
– एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : शिरेल, काळजी करू नका. तुम्ही नाशिक रोडच्या, म्हणजे स्टॅम्प पेपर कुठे छापतात हे तुम्हाला सांगायला नको, आणि ही केस सुरूच झाली स्टॅम्पच्या कागदावरून. मेरीलँड राज्याने 1818 मध्ये कायदा केला की ज्या बँकेला आमच्या राज्याची सनद (म्हणजे बँक चालवायचा परवाना) नाही तिने नोटा काढायच्या तर आमच्याकडून घेतलेल्या स्टॅम्पच्या कागदावरच काढायच्या, 5 डॉलरच्या नोटेला 10 सेंट, 1000 च्या नोटेला 20 डॉलर, नाहीतर वर्षाला एकरकमी 15,000 डॉलर भरा आणि मोकळे व्हा. केंद्राने सनद दिलेल्या राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेचा कॅशियर जेम्स मॅककुलॉक याने बिनस्टॅम्पच्या नोटा काढल्या, दंडाचा दावा लागला, आणि तो वर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

भांडण मात्र त्याच्याही आधीचं. 1791 मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या प्रस्तावावरून पहिल्या राष्ट्रीय बँकेचं बिल आलं तेव्हा परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाला, घटनेत काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कर गोळा करायचा, कर्ज काढायचा अधिकार आहे, बँक काढायचा कुठाय? आणि त्या अधिकारांसाठी 'आवश्यक' ते कायदे करा असं जे लिहिलंय त्याचा अर्थ ज्याच्यावाचून अडेल तेवढंच, नुसतं सोयीचं आहे म्हणून नाही. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने दोघांची मतं लेखी मागवली, दोन्ही वाचली आणि बँकेच्या बिलावर सही केली.

1819 मध्ये सरन्यायाधीश मार्शलसमोर हाच शब्द आला. आता बघा, सीबीएसवरून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडवरून) नाशिक रोड स्टेशनला जायला रिक्षा आवश्यक आहे असं आपण सहज म्हणतो, चालत जाता येतं तरी म्हणतो. मार्शलचं म्हणणं साधारण असंच, 'आवश्यक' म्हणजे उपयोगी, कामाला येणारं असाही अर्थ बोलण्यात असतो. आणि मग त्याने घटनेतलंच दुसरं कलम काढलं, जिथे राज्यांना आयात-निर्यातीवर कर लावायला मनाई करताना 'अगदीच आवश्यक' असेल तेवढं सोडून असं लिहिलंय. म्हणजे लिहिणाऱ्यांना फरक माहीत होता, जिथे कडक अर्थ हवा होता तिथे त्यांनी तो जादा शब्द घातला!! मला विचाराल तर अख्ख्या निकालातली सगळ्यात देखणी जागा हीच, परीक्षेत सगळे 'कर लावायच्या अधिकारात नष्ट करायचा अधिकार येतो' हे वाक्य लिहितात (मेरीलँडचा कर रद्द झाला तो त्या तर्कावर) पण हा शब्दांचा ताळा कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

आता आपल्याकडचं. इथे अधिकार आहे की नाही हा मुद्दा टिकणारच नव्हता, सातव्या परिशिष्टात संघसूचीत (केंद्राच्या विषयांच्या यादीत) 45 नंबरला 'बँकिंग' असं लिहिलेलंच आहे. 19 जुलै 1969 ला वटहुकूम निघाला, 14 बँका सरकारने घेतल्या, आर. सी. कूपर हे भागधारक कोर्टात गेले, वकील नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि 10 फेब्रुवारी 1970 ला 10 विरुद्ध 1 असा निकाल लागला. पण कोर्टाने संसदेला बँका घेता येत नाहीत असं म्हटलंच नाही हो! म्हटलं काय, तर फक्त या 14 बँकांना बँकिंग बंद आणि बाकीच्यांना चालू हा भेदभाव झाला, आणि नुकसानभरपाई ठरवायची रीत चुकीची. म्हणून तर चार दिवसांत नवा वटहुकूम काढता आला, भरपाई 87.40 कोटी ठरली आणि बँका सरकारकडेच राहिल्या. तेव्हा दोन्ही केस एकाच तराजूत घालू नका, तिथे प्रश्न होता अधिकार आहे का, इथे होता अधिकार वापरताना नागरिकाच्या मूलभूत हक्काचं काय. आणि पुढे 1971 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीत काय केलं माहितीये? 'नुकसानभरपाई' शब्द काढून 'रक्कम' घातला. परत एका शब्दावरच आलं बघा.

प्रश्न : कोर्टाने बँक वैध म्हटली होती तर राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने ती बंद कशी पाडली?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : वैध म्हणजे काढता येते, काढलीच पाहिजे असं नाही. ही 1791 ची नव्हे, 1816 ची दुसरी राष्ट्रीय बँक, तिची सनद 20 वर्षांची होती, वाढवायचं बिल 1832 मध्ये मंजूर होऊन आलं, जॅक्सनने व्हेटो केला (नकाराधिकार वापरला) आणि वर लिहिलं की घटनेचा अर्थ लावताना मी कोर्टाच्या मताने बांधलेला नाही. हे वाक्य मला आजही पटत नाही, पण बिल अडवायचा त्याचा अधिकार पक्का होता. 1836 ला सनद संपली, आणि फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या आजच्या मध्यवर्ती बँकेचा कायदा व्हायला 1913 उजाडलं.