कोरोनात सरकारने तज्ज्ञांचं ऐकून निर्णय घेतले म्हणतात, मग चुकलं त्याला जबाबदार कोण?

सरकारच. सल्ला देणारा सल्ला देतो, सही सरकारची असते. पण सल्ला नेमका काय होता हे लोकांपुढे नसेल तर "तज्ज्ञांनी सांगितलं" ही ढाल होते, खरी गोची तिथेय.

एप्रिल २०२१ ला मामा ऑक्सिजनवर होता, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा (कोरोनातून बरं झालेल्याच्या रक्तातला पातळ द्रव), दोन बॅग. रात्रभर मी आणि मावसभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरवतोय, एक डोनर आला तर त्याच्या अँटीबॉडी कमी, दुसऱ्याला बायकोने सोडलं नाही (तिचंही काय चुकलं म्हणा), पहाटे कुठे तिसरा मिळाला. मामा घरी आला, पण प्लाझ्म्यामुळे आला असं आता माझ्याच्याने म्हणवत नाही.

कारण आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर चाचणी घेतली होती आणि प्लाझ्म्याने मृत्यू कमी होत नाहीत हा निकाल सप्टेंबर २०२० मध्येच आला होता. नोव्हेंबरात सरसकट वापरू नका असंही सांगून झालं. तरी देशाच्या गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला तो १७ मे २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट अर्धी होऊन गेल्यावर. मधल्या काळात तो राहू द्या कोण म्हणालं, काढा कोण म्हणालं, हे त्या त्या वेळीच छापून यायला हवं होतं. ब्रिटन सरकारला सल्ला देणारी शास्त्रज्ञांची सेज कमिटीही आधी गुपचूपच चालायची, ओरड झाल्यावर मे २०२० मध्ये नावं आणि इतिवृत्तं बाहेर आली, म्हणजे जमतं की.

दुसरी तऱ्हा गोव्याची. मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देणार म्हणून जाहीर केलं, हवाला दिला ब्रिटन, इटली, स्पेन, जपानच्या तज्ज्ञांचा! आणि डब्ल्यूएचओ तेव्हा सांगत होती की चाचणीबाहेर हे औषध देऊ नका. तज्ज्ञ काय, शोधले की हवे तसे सापडतात.

कोर्टात खेचू म्हणाल तर साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगवेळचा, त्याच्या कलम ४ प्रमाणे सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल दावाच लावता येत नाही. आता सद्हेतू होता का हे बघायलाही कागदच लागणार ना. म्हणून आरटीआय टाकणार असाल तर "निर्णय का घेतला" असलं विचारू नका, अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त आणि फाइलवरचे शेरे द्या, असं मागा.