१९८० च्या सर्टिफिकेटवर एमएस-६५, आज डीलर म्हणतो ६३. नाण्याची ग्रेड बदलते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांनी १९८० मध्ये अमेरिकेत १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा चांदीचा मॉर्गन डॉलर घेतला. सोबत ॲनॅक्स या ग्रेडिंग सेवेचं फोटो असलेलं सर्टिफिकेट आहे, त्यावर एमएस-६५/६५ लिहिलंय (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं). नाणं आता पुण्यात तुमच्याकडे आहे. डीलरने पाहिलं आणि म्हणाला, "फार तर ६३." नाणं पाकिटातून बाहेरही निघालेलं नाही, मग दोन अंक गेले कुठे, आणि खोटं कोण बोलतंय?

खोटं बहुधा कुणीच बोलत नाहीये. मी इथे अमेरिकेत बरीच वर्षं मॉर्गन डॉलर जमवतोय आणि अशी सर्टिफिकेटं प्रदर्शनांतल्या टेबलांवर नेहमी दिसतात. त्यावरची ग्रेड वाचताना तारीखही वाचावी लागते. १९८० चा ६५ आणि आजचा ६५ या वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी ग्रेडची पट्टी १ ते ७० अशी कुठून आली ते सांगतो, कारण शंभरऐवजी सत्तर का, हे सगळेच विचारतात. डॉ. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ च्या अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी ही मोजपट्टी काढली. खरं तर ते किमतीचं गणित होतं. एखाद्या प्रकारच्या जेमतेम ओळखू येणाऱ्या, पार झिजलेल्या नाण्याची किंमत १ डॉलर धरली, तर निर्दोष नाण्याची ७० डॉलर. बाजारभाव बदलले तसं गणित काही वर्षांतच कोलमडलं, आकडे मात्र राहिले. (या शेल्डनसाहेबांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्या जागी स्वतःचे हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. ग्रेडिंगच्या मूळपुरुषाला ग्रेडमधला फरक किती नेमका कळत होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.)

पुढे हीच पट्टी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावली गेली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची ॲनॅक्स ही सेवा १९७२ पासून नाणं असली की नकली ते सांगत होती, १९७९ पासून ती ग्रेडही देऊ लागली. छाप्याच्या बाजूची वेगळी आणि काट्याच्या बाजूची वेगळी, म्हणून तुमच्याकडे ६५/६५ असे दोन आकडे आहेत. आता मुद्द्याची गोष्ट. न वापरलेल्या नाण्यांसाठी आज ६० ते ७० असे अकरा अंक आहेत, पण सुरुवातीला तीनच होते: ६०, ६५ आणि ७०. सत्तर म्हणजे अगदी निर्दोष, तो कुणालाच मिळत नसे. मग साठपेक्षा बरं दिसणारं नाणं कुठे टाकणार? ६५ मध्ये. त्या काळच्या एका ६५ च्या पोटात आजचे ६३, ६४ आणि ६५ असे तिघे मावत होते. ६३ आणि ६७ नंतर आले आणि अकराच्या अकरा अंक १९८६ मध्ये रूढ झाले.

त्यात तुमच्या काकांचं वर्ष म्हणजे १९८०. टेक्सासच्या हंट बंधूंच्या खरेदीने त्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली होती आणि नाण्यांचा बाजारही पेटला होता. असा बाजार चढतो तेव्हा घेणारा भिंग खिशात ठेवतो. पुढे भाव कोसळले तसे डीलर चोखंदळ झाले. सर्टिफिकेटवर ६५ असलं तरी गालावर चार ओरखडे दिसले की "मी ६३ चे पैसे देईन" म्हणू लागले. ॲनॅक्सलाही बाजाराच्या मागे जाऊन हात आखडावा लागला. ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेच नाणं पुन्हा पाठवलं की ६३ होऊन परत येई. तुमचा डीलर जो फरक सांगतोय तो चाळीस वर्षांपूर्वीच पडून गेलेला आहे.

पण "पूर्वी ढिलं होतं, आता कडक झालं" असंही समजू नका. पुढची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने गेली.

१९८६ मध्ये पीसीजीएस ही खासगी ग्रेडिंग कंपनी सुरू झाली आणि १९८७ मध्ये तशीच एनजीसी. दोघांनीही नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून द्यायला सुरुवात केली, त्यालाच स्लॅब म्हणतात. कागदावरचं सर्टिफिकेट कुठल्याही नाण्याला चिकटवता येत होतं, ती सोय बंद झाली. सोबत हमी आली की ग्रेड जास्त दिली गेली असेल तर कंपनी भरपाई देईल. सुरुवातीची काही वर्षं हात चांगलाच आखडता होता. त्या काळचे स्लॅब, म्हणजे ज्यात नाणं हलवलं की खुळखुळतं ते आणि नंतरचे हिरव्या लेबलचे, आजही लोक जास्त पैसे देऊन घेतात. त्यातलं ६४ आज ६५ निघेल, अशी आशा असते. आमच्या वडिलांच्या वेळी बोर्डात साठ टक्के पडले तरी गल्लीत पेढे वाटत आणि आज नव्वदवाल्याला हवं ते कॉलेज मिळत नाही, तसंच काहीसं.

हे ढिलं पडणं कसं होतं, ते मला सगळ्यात मजेदार वाटतं, कारण त्यासाठी कुणी नियम बदलावा लागत नाही. समजा एका डॉलरला ६४ मिळालंय, पण तो ६५ च्या उंबऱ्यावर आहे. १८८६ चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर असेल तर या एका अंकाने किमतीत आभाळाएवढा फरक पडतो. मालक स्लॅब फोडतो, नाणं पुन्हा पाठवतो. पुन्हा ६४. पुन्हा फोडतो. तिथे दोन-तीन ग्रेडर एकेक नाणं काही सेकंदच पाहतात. एखाद्या दिवशी, एखाद्या हाताखाली ते ६५ होतं आणि मालक थांबतो. आता उलटं बघा: ज्याच्या ६४ च्या लायकीच्या नाण्याला चुकून ६५ मिळालंय, तो ते कशाला फोडेल? म्हणजे कमी ग्रेड मिळालेली नाणी स्लॅबमधून निघून जातात आणि जास्त मिळालेली तिथेच बसून राहतात. ग्रेडरची नजर वीस वर्षं तसूभर हलली नाही असं धरलं, तरी बाजारात दिसणारा ६५ दरवर्षी थोडा थोडा पातळ होत जाणार. वर फोडलेल्या स्लॅबची लेबलं सगळे परत पाठवत नाहीत, त्यामुळे कोणत्या ग्रेडची किती नाणी झाली याच्या कंपनीच्या मोजदादीत एकच नाणं तीन-तीनदा दिसतं.

दुसरं कारण मात्र नजरेचंच आहे. टांकसाळीतून निघाल्यापासून नाण्याला काय काय लागलं, तेवढं ॲनॅक्स मोजायची. आता ग्रेड म्हणजे बाजार या नाण्याला कोणत्या पायरीचे पैसे देईल याचा अंदाज, त्यात झळाळी आणि रूप हेही आलं. म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटची आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची सोन्याची नाणी, जी पूर्वी हलक्या घासणीमुळे एयू-५८ (म्हणजे जेमतेम वापरलेली) म्हणून विकली जात, ती आज एमएस-६१, ६२ च्या स्लॅबमध्ये दिसतात. न वापरलेलं म्हणजे घासणी शून्य, ही जुनी व्याख्या कागदावर आहे. टेबलावर ती कुणी पाळत नाही, आणि मला विचाराल तर हे चांगलं झालेलं नाही.

माणूस नको म्हणून यंत्रही आणून झालं. १९९० मध्ये पीसीजीएसने मॉर्गन डॉलरसाठीच 'द एक्सपर्ट' नावाची संगणकप्रणाली दाखवली, ती टिकली नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, ग्रेडिंग तटस्थ आणि एकसारखं असल्याचे दावे वाढवून केले, असा आक्षेप पीसीजीएसवर घेतला होता. म्हणजे हे सगळं मत आहे, ही गोष्ट सरकारदरबारीही पोचलेली आहे. २००७ पासून तर मतावर मत द्यायलाही कंपनी आहे. पीसीजीएसच्या संस्थापकांत असलेल्या आणि एनजीसी सुरू करणाऱ्या जॉन अल्बानीज यांनीच ती काढली: सीएसी. नाणं त्याच्या ग्रेडला पक्कं शोभत असेल तर स्लॅबवर हिरवा स्टिकर, त्याहून सरस असेल तर सोनेरी. २०२३ पासून ते स्वतःही स्लॅब करतात. ग्रेडिंगला फी, स्लॅब फोडून पुन्हा ग्रेडिंगला फी, स्टिकरला फी, आणि नाणं तेच.

आता तुमच्या नाण्याकडे येऊ. सर्टिफिकेटवरच्या फोटोतला एखादा ठळक ओरखडा धरा आणि तोच तुमच्या नाण्यावर, त्याच जागी शोधा. सापडला नाही तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच नाण्याचं आहे आणि पुढचं काही बोलायची गरज नाही. सापडला तर खोलीतले दिवे बंद करून एका बल्बखाली नाणं कडेने धरा आणि हळूहळू कलवा. प्रकाशाचे पट्टे आऱ्यांसारखे गोल फिरायला हवेत. मग लिबर्टीच्या गालावर या. मॉर्गन डॉलरचा गाल मोठा, गुळगुळीत आणि उघडा आहे आणि ही नाणी हजार-हजारच्या पिशव्यांतून एकमेकांवर आदळत फिरली, त्यामुळे ग्रेडचा निम्मा निकाल तिथेच लागतो. केसांत दडलेले दोन ओरखडे माफ होतात, गालाच्या मधोमध असलेला एक होत नाही. कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती पाहा. तिथे पट्टा फिरता फिरता तुटून राखाडी, मेलेला रंग दिसला तर ती घासणी आहे, मग ६३ सुद्धा विसरा. १८८१ ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी छापाईला फार सुरेख असतात, म्हणून त्या वर्षाला डोळा जास्त कठोर लागतो.

पैशांचं म्हणाल तर हे मुबलक नाणं आहे, १ कोटी २७ लाखांहून जास्त पडली होती. ६३ आणि ६५ मधल्या फरकासाठी झोप उडवावी इतकी रक्कम नाही. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा असता, जो फक्त १ लाख पडला, तर गोष्ट वेगळी होती.

आणि पुन्हा ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवू का, हे जे शेवटी विचारलंय, त्यावर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. भारतातल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणंही पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायची मुभा खासगी माणसाला नाही. नाणं मूळचं अमेरिकन आहे हा युक्तिवाद कस्टम्सच्या खिडकीवर करून बघण्यासारखा नाही. जॉर्ज पंचमचा १९११ चा 'डुक्कर छाप' रुपया स्लॅब करायला पाठवतो म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

एक विनंती: दिवाळीला चांदीची भांडी काढाल तेव्हा याला पितांबरी, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. कापडानेही पुसू नका. बल्बखाली ते केसासारखे ओरखडे लगेच दिसतात आणि मग ग्रेडर आकडाच देत नाही, 'साफ केलेलं' अशी नोंद करून मोकळा होतो. नाणं जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात असेल तर तेवढं बदला. पीव्हीसीमुळे हिरवट, चिकट थर धरतो. पीव्हीसी नसलेलं, मायलार प्लॅस्टिकचं पाकीट नाणी विकणाऱ्यांकडे मिळतं. सर्टिफिकेट त्याच्यासोबतच ठेवा, १९८० च्या ग्रेडिंगचा कागद म्हणून त्याचंही गिऱ्हाईक असतं.

गालाचा आणि गरुडाच्या छातीचा, एका बल्बखाली तिरका धरून काढलेला फोटो टाकलात तर डीलरचा ६३ रास्त आहे की तो भाव पाडतोय, ते सांगू शकेन. फ्लॅश बंद ठेवा.